आडवी काठी

जंगलातल्या गावाहून कचेरीत शिपाई होऊन आलेल्या सुकलूला रुखमाबाईंनी चांद्यात, अंचलेश्वर दरवाजाजवळच्या गजबजलेल्या गल्लीत खोली भाड्याने दिली, सोबत कुलूपही. तो मात्र कामावर जाताना गावच्या रीतीने दारात काठी आडवी ठेवायचा. "काऊन रे, कुलूप नाई लावत?" "काठी दिसली म्हंजे घरी कोणी नाई, बाई. मंग कोण कायले जाईन?" "हे चांदा हाय. महाकालीच्या जत्रेत सारी दुनिया येते. कुलूप लाव, नाई तं खोली सोड." जत्रेच्या दिवशीही त्याने काठीच ठेवली. त्या दुपारी चोरांनी गल्लीतली दोन कुलपं फोडली. काठी हललीही नाही. "तुयाजवळ चोरायले हाय तरी काय?" रुखमाबाई फणकारल्या. दुसऱ्या दिवशी त्या देवीला गेल्या. सुकलू परतला तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं, खाली काठीही होती, तिरपी. त्याने ती सरळ केली.