ताठ उभं राहण्याचे दहा गुण

“गुडघे, आई! पुन्हा वाकले.”

एलुबी दचकून ताठ झाली. तिच्या हातात ट्रे म्हणून पातेल्याचं झाकण होतं आणि झाकणावर रिकामा कप. समोर अंगणातल्या एकुलत्या एक खुर्चीत तिची लेक तियामिके बसली होती, लॉजमधली पाहुणी होऊन. मांडीवर शाळेतून तपासायला आणलेल्या वह्यांचा गठ्ठा. चुलीवर मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं आधण चढलं होतं, आणि सरोवरावरचा उजेड अजून तासभर तरी पुरला असता.

“माझे गुडघे माझं ऐकत नाहीत गं,” एलुबी म्हणाली. “कुणाच्या हातात काही द्यायचं म्हटलं की ते आपले खाली जातात. मान राखायची लहानपणापासूनची सवय.”

“मग उद्या मिस कमवेंडो गुण कापतील. ताठ उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं, हसायचं. त्याचे दहा गुण आहेत.”

“डोळ्यांत कशी बघू? भांडायला उभी आहे का मी?”

तेवीस वर्षं एलुबी त्या लॉजमधल्या खोल्या आवरत होती. उद्या शुक्रवारी तिची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. नापास होईल तिनं सोमवारपासून यायचं नाही, असं लॉजच्या फळ्यावर लिहिलं होतं. तयारी म्हणून महिनाभर रोज तासभर खेळ चालले होते. लॉजनं शिकवायला नेमलेल्या मिस कमवेंडो चेंडू फेकत. झेलेल तिनं इंग्रजीत एक वाक्य बोलायचं. अडखळेल तिनं बेडूकउड्या मारायच्या.

“आणि तूही मारल्यास उड्या?” तियामिकेनं विचारलं.

“मारल्या की. आमच्यातल्या नासिबेकोनं तर दोनदा मारल्या. नातवंडांना सांगू नका म्हणाली.” एलुबी खुदकन हसली.

तियामिकेला हसू आलं नाही. आज्या झालेल्या बायकांना बेडूक करणाऱ्यांचा तिला इतका संताप आला की ती आईवरच खेकसली, “परत. पहिल्यापासून. आणि ताठ उभी राहा.”

पाठ तीन वाक्यांचाच होता. पाहुण्यानं तक्रार केली की म्हणायचं: माफ करा, मॅडम. सांगितलंत, बरं केलंत. लगेच दुरुस्त करते.

एलुबीनं तीनही वाक्यं न चुकता म्हटली. गुडघे वाकले. तियामिकेनं कपाळाला हात लावला.

“ऊठ,” एलुबी झाकण खाली ठेवत म्हणाली. “आता मी पाहुणी.”

ती खुर्चीत बसली. पायावर पाय टाकला. तेवीस वर्षं बघितलेलं होतं, हुबेहूब जमलं. मग एकेक शब्द जपून ठेवावा तशी ती इंग्रजीत बोलू लागली.

“खोली चांगली. जेवण चांगलं. पण या घरात एक मुलगी आहे. खूप शिकलेली. मी बोलते, ती ऐकत नाही. ती तपासते.”

तियामिके वह्या छातीशी धरून उभी होती.

“वाक्य नीट जुळलं नाही, आई.”

“बघ,” एलुबी म्हणाली, आता आपल्या चिचेवा भाषेत. पायावरचा पाय तिनं काढला नाही. “तक्रार केलीय मी. पाठातली तीन वाक्यं तुझ्याकडे लागतात माझी.”

“न्सिमा लागेल खाली,” म्हणत तियामिके चुलीकडे वळली.

शुक्रवारी दुपारी तियामिकेला शिकवता शिकवता भर वर्गातून बोलावून नेलं. लॉजच्या मागच्या ओसरीत बायका सकाळपासून रांगेत उभ्या होत्या. बसलं की गणवेशाला सुरकुत्या पडतात, म्हणून बसायची मनाई होती. एलुबीचा नंबर सतरावा होता. पंधरावी आत गेली तेव्हा ती भिंतीला टेकली, आणि मग भिंतीवरून खाली घसरली. तिला कुणी उचलायच्या आतच सगळं संपलं होतं.

शनिवारी घरात शवपेटीभोवती बायका चटयांवर बसून गात होत्या. मिस कमवेंडो आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच त्यांनी गुडघे टेकले, नजर जमिनीला लावली आणि दोन्ही हातांनी एक जाड कागद पुढे केला.

“मॅनेजरसाहेबांनी पाठवलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांनी आईंना पास केलंय.”

तियामिकेनं कागदाला हात लावला नाही.

“उभ्या राहा, बाई,” ती म्हणाली. “ताठ. माझ्या डोळ्यांत बघा. आणि हसून सांगा. दहा गुण आहेत त्याचे.”

गाणं थांबलं. मिस कमवेंडो म्हणजे जेमतेम पंचविशीची पोर. तिला मान वर करता येईना. कागद तिनं तसाच पुढे धरला होता.

“तियामिके,” कोपऱ्यातून नासिबेको म्हणाली, “हिनं आमच्याकडून उड्या मारून घेतल्या, खरंय. पण तुझी आई असं बोलली नसती.”

तियामिकेनं उलट उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं. पण आपलाच आवाज तिच्या कानात होता. ताठ उभी राहा. परवा अंगणात हाच आवाज तिनं लावला होता.

ती वळली. शवपेटीजवळ दोन्ही गुडघ्यांवर आली. पेटीचं झाकण अजून लावलं नव्हतं. सगळ्या बायका बघत होत्या.

“माफ कर, आई,” ती मोठ्यानं म्हणाली. “सांगितलंस, बरं केलंस.”

तिसरं वाक्य राहिलं होतं, लगेच दुरुस्त करते. ते तिच्या तोंडून येईना. ती आईच्या चेहऱ्यावर वाकली.

“बोल,” ती म्हणाली. “मी ऐकतेय.”