नाव काढलेली चाल

मुबीनने खुब्यावर शाडूचा शेवटचा स्नायू बसवला आणि गुडघ्याएवढा सांगाडा टेबलावर चालू लागला. या शाडूत पेशंटचा स्कॅन भरलेला असायचा. स्नायू नीट बसले की सांगाडा त्या माणसासारखाच चालायचा.

हा मात्र प्रत्येक डाव्या पावलाला उजवीकडे कलत होता. वर्ग हसला.

"मॅडम, माझं काहीतरी चुकलं," मुबीन म्हणाला.

"तुझं बरोबर आहे. पेशंटचाच स्नायू दुबळा आहे," टिळेकर मॅडम म्हणाल्या.

शेवटच्या बाकावर हेमांगीने ती चाल ओळखली. कुर्त्याआड पट्टा बांधून तिने ही चाल तीन वर्षं लपवली होती. दाखवली होती ती फक्त मॅडमना, उपचारासाठी, दार लावून.

"स्कॅन कोणाचा आहे, मॅडम?" हेमांगीने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कोणाचा का असेना. नाव काढून टाकलंय."

हेमांगीने पट्टा सोडून बाकावर ठेवला आणि ती सगळ्यांसमोरून टेबलापर्यंत चालत गेली. सांगाडा अजून चालतच होता, अगदी तिच्यासारखा. आता कोणी हसलं नाही.

"ते नाव परत लावा," ती म्हणाली.