कुलपातला नळ

वाटणीत अंगणातला नळ थोरल्या जावेकडे गेला आणि तिने त्याच दिवशी त्याला कुलूप घातलं. तेव्हापासून मी झेलम नदीवरून पाणी आणते. आज सकाळी तिचा नळ गोठला. उकळत्या पाण्याचा समोवार घेऊन ती बाहेर आली आणि नळीपाशी घुटमळली. मी कुंपणापलीकडे फेरनच्या सैल झग्याआत निखाऱ्यांची कांगडी धरून उभी होते. म्हटलं, “जाऊबाई, उकळतं ओतू नका, नळी फुटेल. खाली कांगडी ठेवा, बर्फ हळूहळू वितळेल. ही माझी घ्या, निखारे अजून फुललेत.” “नदीचं पाणी पिणारीने मला नळाचं शहाणपण शिकवू नये,” ती म्हणाली आणि तिने समोवार उपडा केला. नळी काडकन उभी चिरली, पाणी थेट तिच्या घरात शिरलं. मी कांगडी पुन्हा फेरनमध्ये घेतली. नऊ वर्षांत तिने माझं एकदाही ऐकलेलं नाही. माझा त्यावर पूर्ण भरवसा होता.