शेगडीपुढचा उखाणा

सत्तरी उलटलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय शेगडी आता पेटत नसे. उत्तर चुकलं, की सांभाळगृहाची गाडी दारात हजर.

"पतीचं नाव सांगा," शेगडी म्हणाली.

यमुनाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. शेगडीला डोळे नव्हते.

"शेवटची संधी."

"आई, बोल ना!" त्यांचा मुलगा मुकुंद घामाघूम झाला. "गाडी येईल!"

"नवऱ्याचं नाव असं उघडंबोडकं घेतात होय रे बाळा?" यमुनाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला.

"चहात टाकते आलं, बारीक किसून,
निवृत्तीरावांचं नाव घेते शेगडीपुढं बसून!"

शेगडीने जरा विचार केला. "उत्तर बरोबर."

मुकुंदला हसू फुटलं. उगाच धसका घेतला होता; आईचं डोकं तर ठणठणीत होतं.

"मुलाचं नाव सांगा."

यमुनाबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आई हल्ली आपल्याला फक्त 'बाळा' म्हणते, हे मुकुंदच्या आत्ता ध्यानात आलं. इतके दिवस त्याला तो लाड वाटत होता.

यमुनाबाईंनी हळूच फोटोकडे मान वळवली.

"अहो, याचं नाव काय ठेवलं होतं आपण?"