नववं दालन

रडण्याचा आवाज दोन खोल्या पलीकडून आला. कानांच्या आधी तो तिच्या छातीने ओळखला. सकाळी कोटाच्या आत घडी करून ठेवलेले दोन रुमाल केव्हाच भिजले होते.

ती नवव्या दालनात, राणीच्या शयनगृहात, दाराजवळच्या आपल्या जागेवर उभी होती. नऊ वाजल्यापासून. राजवाड्याच्या संग्रहालयात चौदा दालनं, प्रत्येकात एक राखणदार, आणि बदली आल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. आज बदलीवाल्या दोघीही आल्या नव्हत्या, म्हणजे दुपारची सुट्टी गेली. एरवी त्या अर्ध्या तासात सासूबाई पोरीला घेऊन मागच्या फाटकाशी यायच्या आणि ती तिथे पायरीवर बसून पाजून घ्यायची. आज जमणार नाही, एवढाच निरोप तिने फाटकावर ठेवला होता.

सासूबाई तिकीट काढून आत आल्या होत्या. बघणाऱ्यांनी पुढेच जायचं, मागे फिरायचं नाही, म्हणून पहिल्या दालनापासून सगळ्या गर्दीबरोबर सरकत, पोर खांद्यावर टाकून, आठ दालनं ओलांडून त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"किती खोल्या गं या माणसाला," त्या म्हणाल्या. "केर कोण काढत होतं?"

आईला बघून पोरीने आणखी सूर लावला. सासूबाई हलक्या आवाजात सांगत राहिल्या. बाटली तीनदा देऊन पाहिली, चमच्याने पाहिलं, तोंड फिरवते. सकाळपासून पोटात घोटभर गेलेलं नाही. घरी राहा अजून दोन महिने, असं त्या कधीतरी म्हणाल्या होत्या. आज त्यातलं त्यांनी काही काढलं नाही. फक्त पोर थोडी पुढे केली.

तिने हात पाठीमागेच ठेवले. सहाला सुटायला अजून चार तास होते. मधे एका बाईंनी विचारलं, तो सोन्याचा पाळणा खरंच वापरातला का, आणि राणी बाळाला इथेच पाजायची का. सकाळपासून विसाव्यांदा तिने सांगितलं, "पाळणा वापरातला. पाजायला दाया होत्या. दोन." बाई फोटो काढून पुढे गेल्या.

खोलीत रेशमी गादीच्या सात खुर्च्या होत्या, सगळ्यांभोवती दोरी. आठवी दाराआड, घडीची, लोखंडी. ती बघणाऱ्यांसाठी. तिच्या वरच्या भिंतीला कागद चिकटवलेला होता. सासूबाईंनी तो एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचला. कोणास चक्कर आल्यास दोन्ही दारे ओढून घ्यावीत, खुर्चीवर बसवावे, सुपरवायझरला कळवावे, दहा मिनिटे दालन बंद ठेवावे.

त्या वळल्या. भाजी संपलीय म्हणून सांगावं तसं म्हणाल्या, "मला चक्कर येतेय."

"आई, खरंच?"

"गुडघेदुखी तर खरीच आहे."

तिने क्षणभर पाळण्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आतल्या लोकांना तिने पुढे काढलं, दोन्ही दारं ओढली आणि कमरेच्या वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं. "नऊ नंबर. चक्कर आलीय. एका आजींना."

सुपरवायझरला पाठीमागे सगळ्या घड्याळ म्हणत. "दहा मिनिटं," घड्याळ म्हणालं. "घाबरवू नका त्यांना."

तिने बटण सोडलं. लोखंडी खुर्ची उघडताना करकरली. ती बसली, कोटाची पितळी बटणं काढली, ओले रुमाल मांडीवर ठेवले आणि पोरीला घेतलं. एकदम शांत झालं. पोरीच्या गिळण्याचा आवाज तेवढा. गिळता गिळता तिने एक बटण मुठीत धरलं होतं. पाच तासांत पहिल्यांदा पाय मोकळे झाले, तसे ते ठणकायला लागले.

"तुम्ही बसा ना आई, गालिच्यावर तरी," ती म्हणाली.

"आणि दारात कोण?" सासूबाई म्हणाल्या. दाराजवळ गालिच्याची लव दोन पावलांएवढी दबलेली होती. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. हात पाठीमागे घेतले. बाहेर लोक खोळंबले होते, कुणीतरी दारावर टकटक केली. सासूबाईंनी तिकडे मान वळवली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मागे पाहिलं. पोर पिऊन झोपली होती. तिची आईही. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, एक हात पोरीच्या पाठीवर तसाच.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "नऊ नंबर. दहा झाली. उतरली का चक्कर?"

ती हलली नाही.

"नऊ नंबर?"

सासूबाई गुडघ्यावर हात देत खाली वाकल्या. त्यातलं कुठलं बटण दाबायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, दाबायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड अगदी जवळ नेलं.

"झोपलीय," त्या कुजबुजल्या. "जरा थांबा."

आणि परत दाराशी जाऊन, हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या.