थेट प्रक्षेपण

“आज कोणाची भीड ठेवू नकोस,” संपादक कानात म्हणाला, आणि कातरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

कानातल्या त्या इवल्याशा यंत्रातून तो आजवर तिला एकच गोष्ट सांगत आला होता. सांभाळून घे. दर आठवड्याला नवा पाहुणा, नवा वाद, आणि ऐन रंगात आलं की कानात तीच भुणभुण. विषय बदल, जाहिराती घे. कार्यालयात तिला ‘कातर’ म्हणायचे ते तिच्या जिभेमुळे, पण खरं सांगायचं तर कातरीला धार होती, कापायला कापड कोणी देत नव्हतं.

आज समोर शिक्षणमंत्री बसले होते.

शाळेच्या नव्या इमारतीचं छत कोसळून चार मुलं गेली होती. मंत्री पडेल चेहऱ्याने घरोघरी सांत्वन करत फिरत होते, आणि मुख्याध्यापिका कोठडीत होती. छताला तडे गेल्याचं तिने वर कळवलंच नाही, असा आरोप होता. तिने कळवलं होतं. आदल्या दिवशी खुद्द मंत्र्यांना फोन केला होता, तोही स्पीकरवर. शेजारी तिचा नवरा एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसला होता. घड्याळदुरुस्ती हाच त्याचा धंदा.

हे घड्याळवाले काका कातरच्या घरी येऊन गेले होते. पूर्ण वेळ खुर्चीच्या काठावर बसले, पाण्याला हात लावला नाही.

“पोलिसांत गेलो तर घरी परत येईन की नाही, देव जाणे,” ते म्हणाले होते. “तुम्ही टीव्हीवर बोला. साऱ्या दुनियेने ऐकलं की मग मला हात लावायची कोणाची छाती नाही. तोवर मात्र माझं नाव कुठे काढू नका.”

“नाही काढणार, काका. शब्द देते.”

शब्द तिने पाळला होता. साक्षीदार मिळालाय, एवढंच तिने संपादकाला सांगितलं. कोण, कुठला, म्हणून त्याने खोदून खोदून विचारलं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

लाल दिवा लागला. घरोघरी काय दिसतंय ते दाखवणारा स्टुडिओतला छोटा टीव्ही दुपारपासून बिघडला होता, पण कातरला आज त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. सगळ्यांचे फोन नेहमीप्रमाणे बंद करून बाहेरच्या खणात ठेवलेले.

“छताला तडे गेलेत, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?” तिने विचारलं.

“बाई, माहीत असतं तर मी स्वस्थ बसलो असतो का?” मंत्र्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

“मुख्याध्यापिकेने आदल्या दिवशी तुम्हाला फोन केला होता.”

“मला दिवसभर फोनच येत असतात.”

“फोटोवाले बोलावून ठेवलेत, आता रडगाणं नको, इमारत उघडा. असं तुम्ही तिला म्हणालात.”

मंत्र्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. कातर थांबली. आता कानात ‘जाहिराती घे’ येणार, याची तिला खात्री होती.

“सोडू नकोस त्याला,” संपादक म्हणाला.

तिला भरून आलं. इतक्या वर्षांनी का होईना, या माणसाला कणा सापडला होता.

“ती बाई स्वतःची कातडी वाचवायला काहीही बोलेल,” मंत्री म्हणाले. “फोनवर आम्ही दोघंच होतो. पुरावा काय?”

“साक्षीदार आहे.”

“मग नाव घ्या की. हवेत तीर मारायला काय जातं?”

“सांगून टाक,” संपादक कानात पुटपुटला. “सगळे बघतायत. हीच वेळ आहे.”

काकांना हेच तर हवं होतं. तिने थेट कॅमेऱ्यात बघितलं.

“फोन स्पीकरवर होता. मुख्याध्यापिकेचे यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकलाय, आणि उद्या ते न्यायालयात सांगणार आहेत.”

मंत्री पुढे झुकले.

“ते एकटेच होते?” त्यांनी हळूच विचारलं.

“खरं बोलायला एक माणूस पुरतो,” कातर म्हणाली.

त्यानंतर मंत्र्यांची पार भंबेरी उडाली. फोन आला असेल, आठवत नाही, घाईत काही बोललो असेन. ती आवरतं घ्यायला लागली की संपादक म्हणायचा, “चालू दे, वेळ आहे आपल्याकडे.” आणि ती पुन्हा नव्या दमाने तुटून पडायची.

शेवटी दिवा विझला. मनातून ती नाचत होती. संपादक धावत आला, तिचा हात दाबला.

“मालक खूश आहेत,” तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला.

मंत्री तणतणत निघून जातील असं तिला वाटलं होतं. ते निमूट जिना चढून मालकांच्या खोलीत गेले. जाऊ दे, तिने मनात म्हटलं, करू दे आदळआपट. बोललेला शब्द आता मालकालाही गिळता येणार नव्हता.

तिने खणातून फोन काढून चालू केला. लगेच वाजला. काकांचाच होता.

“काका, ऐकलंत ना सगळं?” तिने आनंदाने विचारलं.

“कुठलं, ताई? मी केव्हाचा टीव्हीपुढे बसलोय. तुमचा तो मागच्या महिन्यातला कार्यक्रम चाललाय, महागाईचा. विचारावं म्हटलं तर तुमचा फोन बंद.” काकांनी आवाज खाली आणला. “बरं, ती गाडी आलीय दारात. चपला घाला नि तसेच चला म्हणतात. तुम्हीच पाठवलीत ना?”