सीलबंद खोकं

व्हर्न स्टालने खोकं कानाशी धरून हलवलं. आतून फारसं काही वाजलं नाही. मग त्याने ते उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पारदर्शक कागदाचा पाठीवरचा जोड नाक लागेल इतक्या जवळून पाहिला.

"लिओचं?"

"हो, बाबांचं," पॉला म्हणाली.

"मग हा कागद घरी चढवलाय. बायकोच्या हेअर ड्रायरने तापवून, आवळून."

शेजारच्या टेबलावरचे दोघं फिसकन हसले.

टोलेडोबाहेरच्या जत्रेच्या मैदानावरचा पत्र्याचा हॉल मॉडेलवाल्यांनी भरला होता. घरी बसून जोडायची प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे, बोटी. टेबलांवर त्यांची जुनी खोकी रचलेली. सील न तोडलेल्या खोक्याला इथे सगळ्यात जास्त मान, आणि सगळ्यात जास्त संशयही त्याच्यावरच. व्हर्न क्लबचा अध्यक्ष. त्याने नाक मुरडलेल्या खोक्याला कुणी हात लावत नाही. गेल्या ऑक्टोबरात लिओ नोविकीने विकलेल्या एका सीलबंद खोक्यात निम्मंच विमान निघालं, आणि व्हर्नने सगळ्यांदेखत निकाल देऊन टाकला: लिओ आतले तुकडे काढून घेतो आणि खोकं पुन्हा बंद करतो. कारखान्यातूनच तसं आलं असेल, असं लिओ सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून त्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आजही तो बाहेर गाडीतच बसला होता. टेबलावर ठेव, कुणी घेतलं तर घेतलं, नाहीतर परत आण, एवढंच सांगून त्याने मुलीला आत पाठवलं होतं.

"बाबांची सगळी खोकी एकाच दुकानातली आहेत. ते बंद पडताना घेतलेली," पॉला म्हणाली. "सगळ्यांवर असाच कागद आहे, असाच जोड."

"तेच तर म्हणतोय मी. सगळी एकाच हातची."

"मग उघडून बघा."

व्हर्नने झटकन हात मागे घेतले. "भलतंच काय, पोरी! बंद खोकं काप असं आपल्यात कुणी कुणाला सांगत नाही. खरं निघालं तर खोक्याची माती, खोटं निघालं तर तुझ्या बापाची. त्यापेक्षा घरी घेऊन जा. सांग त्याला, व्हर्नला पसंत पडलं नाही."

पॉला झाकणावरच्या चित्राकडे बघत राहिली. ग्रेट लेक्समधून लोहखनिज वाहणारी लांबलचक तांबडी बोट. तिच्या लहानपणापासून ती कपाटाच्या वरच्या फळीवर होती आणि तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. एक काप दिला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मग वर्षभरात बाबांनी तो का दिला नाही? बाबांच्या खणात सुट्या तुकड्यांच्या पुड्या तिने स्वतः पाहिल्या होत्या. तशा त्या सगळ्याच मॉडेलवाल्यांकडे असतात म्हणे. तिला बापाची लाज वाटत होती, आणि अशी लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

शेजारच्या टेबलावर प्लॅस्टिक तासायची बारीक सुरी पडली होती. तिने ती उचलली.

"अगं ए! वेड लागलंय का तुला?" व्हर्न ओरडला.

कागद चर्रकन फाटला. आजूबाजूचे सगळे गोळा झाले. एकाने तोंडाशी नेलेला हॉटडॉग तसाच हातात राहिला. घट्ट बसलेलं झाकण अडत अडत वर आलं. आत एकच पिशवी, तोंडाशी दुमडून पिन मारलेली. पिन गंजली होती आणि गंजाचा तांबूस डाग घडीच्या आतपर्यंत उतरला होता. पिशवीत बोटीचे तुकडे साच्यातून निघाले तसे आपापल्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले, एकही सुटा नाही.

व्हर्नने पिन नखाने हलवून पाहिली. पिशवीचा वास घेतला. कागदाचा तुकडा उजेडात धरला. संशय घ्यायला आणखी काही मिळतंय का ते त्याने मन लावून शोधलं, आणि मिळालं नाही. तसा माणूस खडूस, पण खोटा नव्हता.

"ही पिन कुणी काढलेली नाही," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "कागद कारखान्यातलाच आहे. लिओ खरं बोलत होता. चुकलं माझं." आणि पॉलाला, "जा, बोलव त्याला आत. कॉफी माझ्याकडून. शिव्या घालायच्या असतील तर त्याही ऐकून घेतो."

पॉला खोकं उचलून जवळजवळ पळतच बाहेर गेली. तिचे डोळे भरून आले होते. इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

लिओ गाडीची काच खाली करून बसला होता.

"बाबा, चला आत! पिशवीची पिनसुद्धा निघालेली नव्हती. व्हर्नने सगळ्यांसमोर चूक कबूल केली. लिओ खरं बोलत होता म्हणाला!"

लिओने खोकं मांडीवर घेतलं. फाटलेल्या कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"व्हर्नने कापायला लावलं?"

"नाही हो. तो तर नकोच म्हणत होता. मीच कापलं."

लिओने मान डोलावली. लोंबणारा कागद गोळा करून त्याने खोक्याखाली नीट खोचला.

"मग," तो म्हणाला, "पटलं ना आता तुला?"